चौदाव्या होलचे पाच फटके

गोल्फ शिकवणाऱ्या माणसाला बोलतं करणं अवघड नसतं, गप्प करणं अवघड असतं. चाळीस वर्षांपूर्वी कुठल्या सामन्यात, कितव्या होलवर वारा कुठून होता, गवत किती वाढलं होतं, हातात कुठली स्टिक होती, हे सगळं ते सांगतील. लग्न कुठल्या साली झालं विचारा, की छताकडे बघतात. मी कुणाची टिंगल करत नाहीये, मीही त्यातलीच. सोळा वर्षं झाली, क्लबात मुलांना गोल्फ शिकवते. माझ्याआधी तिथेच माझे बाबा शिकवायचे. त्यांना अख्खा क्लब मास्तर म्हणतो, आणि मला मास्तरांची मुलगी. माझं वय अडतीस आहे, हे कुणी लक्षात घेत नाही.

क्लबाला पंचाहत्तर वर्षं होणार म्हणून सेक्रेटरींनी पुस्तक काढायचं ठरवलं. जुन्या व्यावसायिक खेळाडूंशी गप्पा, त्यांचं खेळणं, त्यांचं शिकवणं, खेळाचा इतिहास. काम माझ्या गळ्यात पडलं. "तुम्ही बोलक्या आहात," असं सेक्रेटरी म्हणाले, म्हणजे दुसरं कुणी तयार नव्हतं. पहिलं प्रकरण कुठलं, हे त्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं. मास्तरांचे पाच फटके.

ही गोष्ट आमच्या क्लबात भिंतीलासुद्धा पाठ आहे. चार दिवसांची मोठी स्पर्धा. तीन दिवस संपले तेव्हा बाबा दोन फटक्यांनी पुढे होते. गोल्फमध्ये ज्याचे फटके कमी तो पुढे, आणि कुणी आपलं कार्ड आपण लिहीत नाही. जोडीतला एक दुसऱ्याचं लिहितो, दुसरा पहिल्याचं. लिहिणाऱ्याला मार्कर म्हणतात. शेवटी दोघं टेबलाशी बसून आकडे ताडून बघतात, आणि खेळाडू आपल्या कार्डावर सही करतो. सही केली की संपलं. आकडा खऱ्यापेक्षा कमी निघाला तर खेळाडू स्पर्धेतून बाद, मग चूक कुणाचीही असो. तिसऱ्या दिवशी चौदाव्या होलला बाबांनी पाच फटके मारले होते. कार्डावर मार्करने चार लिहिले. बाबांनी सही केली. संध्याकाळी मागून फटक्यांचा फळा घेऊन चालणाऱ्या बाईंच्या नोंदीत पाच निघाले. दुसऱ्या दिवशी सकाळी अधिकाऱ्यांनी बाबांना बोलावून विचारलं, "चौदाव्याला किती?" बाबा म्हणाले, "पाच." एका शब्दात स्वतःची स्पर्धा संपवली. आणि तो मार्कर, जो दुसऱ्या क्रमांकावर होता, त्याच दिवशी स्पर्धा जिंकला.

मार्कर म्हणजे वाळूकाका. बंकरमधून, म्हणजे मैदानातल्या वाळूच्या खड्ड्यातून, चेंडू असा काढायचे की लोक मुद्दाम बघायला थांबायचे, म्हणून हे नाव. बाबांचे जिवलग मित्र. मी तेव्हा चार वर्षांची होते. त्यांच्या खांद्यावर बसल्याचं मला पुसट आठवतं. त्यानंतर ते नाव आमच्या घरात कुणी घेतलं नाही. आईने ग्रुप फोटोतून त्यांना नखं कापायच्या कात्रीने कापून काढलं होतं, इतक्या नीट, की बाबांच्या खांद्यावर त्यांची चार बोटं तेवढी उरली होती.

बाबांनी मात्र त्यांच्याबद्दल कधी वाईट शब्द काढला नाही. कुणी विषय काढलाच तर म्हणायचे, "जाऊ द्या. सही माझी होती." हे ऐकून ऐकणाऱ्याचे डोळे भरून यायचे. पुढच्याच वर्षी क्लबाने त्यांना शिकवायला बोलावून घेतलं. असा माणूस आपल्या मुलांसमोर हवा, असं तेव्हाच्या कमिटीने लिहून ठेवलंय.

आणि मी काय केलं, तर दर हंगामाच्या बक्षीस समारंभात, मुलं आणि आईबाप सगळे बसलेले असताना, ही गोष्ट सांगितली. सोळा वर्षं. अगदी रंगवून. मार्करने पेन्सिल कशी उचलली असेल, चाराचा आकडा काढताना त्याचा हात कसा थरथरला नसेल, वगैरे. मला गोष्ट सांगता येते, याचा मला अभिमान होता.

बाबांशी गप्पा सगळ्यात आधी केल्या. दोन बैठकींत संपल्या. मग मोठ्या बाई. त्या एक्याऐंशी वर्षांच्या आहेत आणि अजून आठवड्यातून दोनदा शिकवतात. स्टिक कशी धरायची हे नव्या माणसाला कसं सांगता, म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "झोपलेलं मूल दुसऱ्याच्या कडेवरून आपल्या कडेवर घेतो ना, तेवढाच जोर लावायचा. पुरुषांना हे सांगून उपयोग नसतो, त्यांनी कधी घेतलेलं नसतं. त्यांना मी सरळ ओरडते." तासभर हसवलं त्यांनी मला.

तिसरे स्टिकवाले. आता नजर गेलीय, पण एके काळी निम्म्या व्यावसायिकांच्या स्टिक त्यांच्या हातून गेल्या. त्यांच्या खोलीत अजून सरस आणि तेलाचा वास आहे, भिंतीला शिकंजा लावलेला आहे आणि टेबलाच्या कडेला कानशीने घासून घासून खोबण पडली आहे. त्यांना इतिहास विचारायचा होता. सुरुवातीच्या काळात चेंडू कातड्याचे असायचे, आत उकडलेली पिसं दाबून भरायची, चांगला कारागीर दिवसात चार चेंडू करायचा, आणि ओला झाला की फुटायचा, हे सगळं त्यांनी हातवारे करून सांगितलं. मग झाडाच्या चिकाचे चेंडू आले. नवे गुळगुळीत चेंडू हवेत गटांगळ्या खायचे आणि वापरून खरचटलेले सरळ जायचे. लोकांना कळेना. मग कुणीतरी नवे चेंडूच हातोडीने ठोकून खडबडीत करायला लागलं.

"वाळूकडे कधी जाणार?" त्यांनी मध्येच विचारलं.

"नाही जाणार. तो माणूस पुस्तकात नाहीये. म्हणजे आहे, पण जेवढा असायला हवा तेवढाच."

"वाळूतून चेंडू काढायची कला त्याच्याशिवाय कुणाकडून लिहून घेणार? तुझ्या बाबांना तर ती कधी जमली नाही."

हे खरं होतं, म्हणून मी चिडले. "लबाड माणसाची कला मला नको, आजोबा."

ते थोडा वेळ शिकंज्याचा दांडा फिरवत राहिले. मग म्हणाले, "त्या दिवशी मी मागेच चालत होतो. तुझ्या बाबांच्या एका स्टिकची मूठ सैल झाली होती म्हणून. चौदाव्याला वाळू तिथे नव्हताच. उजवीकडच्या झुडपात आपला चेंडू शोधत होता. तुझ्या बाबांचे फटके त्याने पाहिलेच नाहीत. आता न पाहिलेला आकडा मार्कर कुठून लिहितो, हे तू शिकवतेस ना मुलांना?"

शिकवते. पहिल्याच आठवड्यात शिकवते. मार्करने पाहिलं नसेल तर ग्रीनवरून, म्हणजे होलभोवतीच्या हिरवळीवरून, उतरताना विचारायचं, किती? आणि खेळाडू सांगेल ते लिहायचं. मी रेकॉर्डर बंद केला, उरलेला इतिहास पुढच्या आठवड्यात घेऊ म्हणाले आणि निघाले. डोक्यात तिडीक गेली होती. म्हातारपणी माणसं काहीही बरळतात, असं मी गाडीत मोठ्याने म्हणाले. कुणाला म्हणाले कोण जाणे, गाडीत मी एकटीच होते.

वाळूकाकांचा पत्ता शोधायला अर्धा दिवस लागला. टायरच्या गोदामामागे जाळ्या लावलेलं सरावाचं मैदान, बारा चटया, प्रत्येक चटईशी चेंडूंची बादली. गवत नाही, होल नाही, नुसतं जाळीत चेंडू मारायचं. राष्ट्रीय स्पर्धा जिंकलेला माणूस तिथे तासावर शिकवत होता. एका जाड्या गृहस्थांना गुडघा कसा वळवायचा ते दाखवत होते. मला पाहिलं, ओळखलं, आणि गृहस्थांना म्हणाले, "पन्नास मारा, मी आलो."

त्यांच्या खोलीत दोन खुर्च्या आणि पाण्याचा पिंप होता. मी पुस्तकाबद्दल सांगितलं. मग सरळ विचारलं, "चौदाव्याला तुम्ही बाबांचे फटके पाहिले होते?"

"नाही."

"मग चार कसे लिहिले?"

"त्याने सांगितले म्हणून."

अगदी साधेपणाने म्हणाले. त्यांनी पिंपातून पाणी काढून दिलं. मग माझ्याकडे न बघता बोलत गेले. ग्रीनवरून उतरताना त्यांनी किती म्हणून विचारलं, बाबा चार म्हणाले. त्यांनी लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बूट घालत होते, तेव्हा बाबा अधिकाऱ्यांच्या खोलीतून बाहेर आले आणि शेजारी बसले. म्हणाले, मी त्यांना पाच सांगितलंय. आता तू जर म्हणालास की चार मी तुला सांगितले होते, तर मी लबाड ठरतो, नोंदणी रद्द होते, जन्मात कुठे शिकवता येणार नाही. पोर चार वर्षांची आहे. तू म्हण की तुला चार वाटले. मार्करच्या नकळत झालेल्या चुकीला शिक्षा नसते. तुझा दोष नाही हे मी सगळ्यांना सांगीन.

"मग मी आत गेलो आणि म्हणालो, मला चार वाटले," वाळूकाका म्हणाले. "आणि बाहेर येऊन शेवटची फेरी खेळलो. आयुष्यात तितका चांगला कधी खेळलो नाही. दुसरा आलो असतो तर कुणाच्या लक्षातही राहिलं नसतं. जिंकलो, तिथे घोटाळा झाला."

"आणि बाबांनी सगळ्यांना सांगितलं नाही."

"वाट बघितली मी. एक वर्ष, दोन वर्षं. तो म्हणत राहिला, सही माझी होती. त्यातून लोकांना जे समजायचं ते समजलं. मला एकाही क्लबाने शिकवायला ठेवलं नाही. मग मी सांगून काय होणार होतं? जिंकलेला माणूस हरलेल्यावर चिखल उडवतोय, एवढंच म्हणाले असते."

मी म्हणाले, "हे तुम्ही मला आता का सांगताय?"

तेव्हा पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला. "कारण तू विचारलंस. चौतीस वर्षांत कुणी विचारलंच नाही. आणि माझी नात." त्यांची नात बारा वर्षांची आहे आणि मुलींच्या स्पर्धांत खेळते. गेल्या दोन सामन्यांत तिच्या जोडीतल्या मुलीने आपलं कार्ड तिच्याकडे द्यायला नकार दिला. तुझे आजोबा चार लिहितात, तूही लिहिशील. दोन्ही वेळा संयोजकांना वेगळी बाई मार्कर म्हणून चालवावी लागली. पोरगी अठरा होल रडत खेळली.

"कुठल्या क्लबाच्या मुली होत्या?" मी विचारलं. उत्तर मला माहीत होतं.

"तुझ्या," ते म्हणाले. "तुझ्याच शिकवणीतल्या. मला दुसरं काही नकोय गं. ती ट्रॉफी घेऊन जा हवी तर, माळ्यावर पडलीय. फक्त त्या पुस्तकात मला लबाड लिहू नका. पुस्तक राहतं. पोरीच्या पोरींनासुद्धा ते वाचायला लागेल."

परत येताना मला सारखं एकच आठवत होतं. मी नऊ वर्षांची असताना वाळूकाका एकदा आमच्या दारात आले होते. हातात एक छोटी स्टिक, माझ्या उंचीला कापून, मूठ नवी बसवून आणलेली. आई आतून म्हणाली, त्यांना सांग, आमच्याकडे यायचं नाही. मी ते जसंच्या तसं सांगितलं. वर जोडून दिलं, "तुम्ही लबाड आहात." ते स्टिक पायरीवर ठेवून गेले. बाबा तेव्हा आत दाढी करत होते. त्यांना काही ऐकू आलं नाही, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते.

घरी पोचून वाळूकाका बोलले ते सगळं मी आधी लिहून काढलं. बाबा जेवणाच्या टेबलाशी बसले होते. माझ्याशी झालेल्या गप्पा मी टाइप करून दिल्या होत्या, त्या ते लाल पेनाने तपासत होते. मी वाळूकाकांची पानं त्यांच्यासमोर ठेवली आणि समोरच्या खुर्चीत बसले. त्यांनी चष्मा पुसला. शेवटपर्यंत वाचलं. एका ठिकाणी थांबून स्वल्पविराम घातला. खरंच घातला. मी बघत होते.

"त्याने विचारलं होतं, हे खरं आहे," ते म्हणाले.

"आणि तुम्ही चार म्हणालात?"

"हो."

मला वाटलं होतं ते नाही म्हणतील. निदान रागावतील. मी भांडायच्या तयारीनेच आले होते आणि समोर भांडायला कुणी नव्हतं.

"का, बाबा?"

"चेंडू टेकाडामागच्या खळग्यात होता. तिथला पहिला फटका फसला. वीतभर सरकला असेल चेंडू, जास्त नाही. आजूबाजूला कुणी नव्हतं. निदान मला कुणी दिसलं नाही. वाळूने किती विचारलं, आणि तोंडातून चार निघून गेलं."

"तोंडातून निघून गेलं ते ठीक. संध्याकाळी टेबलाशी बसून सही केलीत. तेव्हा आकडा बदलता येतो, हे तुम्हीच मला शिकवलंय."

"तोपर्यंत फळ्यावर मी दोनने पुढे होतो," ते म्हणाले. एवढंच.

"आईला माहीत होतं?"

"नाही."

सहा वर्षांपूर्वी आई गेली. शेवटच्या आजारात ती मला म्हणाली होती, तुझ्या बाबांसारखा माणूस मिळायला भाग्य लागतं. ज्याने केसाने गळा कापला त्यालाही कधी शिवी दिली नाही. मी ते बाबांना सांगितलं. त्यांनी मान हलवली, जसं काही आईने दुसऱ्याच कुणाबद्दल म्हटलं होतं.

"आणि वाळूकाका दारात आले होते तेव्हा? मी त्यांना लबाड म्हणाले तेव्हा? तुम्ही आत होतात."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "नळ मी सोडला होता. ऐकू येऊ नये म्हणून."

मी उठून उभी राहिले, कारण बसून राहिले असते तर टेबलावरचं काहीतरी फेकलं असतं. मला फसवलं होतं, हे तर होतंच. पण त्याहून वाईट म्हणजे मला वापरलं होतं. नऊ वर्षांच्या मुलीच्या तोंडून ते शब्द बाहेर पडले, तेव्हा हा माणूस दाढीचा फेस लावून आरशासमोर उभा होता. पुढे सोळा वर्षं मी चारचौघांत ती गोष्ट रंगवत होते, तेव्हा हा माणूस पहिल्या रांगेत बसून ऐकत होता. एकदाही म्हणाला नाही, की बाई, जरा कमी रंगव.

"हे पुस्तकात लिहायचं," मी म्हणाले. "तुमच्या तोंडून."

त्यांनी विचार केला. मग अगदी समजूतदारपणे म्हणाले, "असं लिही, की त्याच्या हातून नकळत चूक झाली होती, आणि माझ्या मनात कधी किंतु नव्हता."

"त्यांच्या हातून चूक झालीच नव्हती."

"तेवढ्याने त्याचं भागेल की."

"बाबा, तुम्ही त्यांना माफ करताय?"

ते गोंधळले. त्यांना खरंच वाटत होतं, की आपण मोठं मन दाखवतोय. चौतीस वर्षं लोकांनी इतक्यांदा मोठं म्हटलं होतं, की बहुतेक त्यांचं त्यांनाच खरं वाटायला लागलं होतं. मी म्हणाले, पुस्तकात नसेल येत तर शनिवारी समारंभात मी सांगेन. मुलांसमोर, आईबापांसमोर, सेक्रेटरींसमोर. दरवर्षी तीच गोष्ट सांगते, या वर्षी खरी सांगते.

बाबांनी पेनाचं टोपण लावलं. "सांग," ते म्हणाले.

त्या एका शब्दाने मी विरघळले, हे कबूल करते. मला वाटलं, शेवटी आहेत ते माझेच बाबा. उशीर केला, पण तोंड लपवलं नाही. तीन दिवस मी त्याच भ्रमात होते. वाळूकाकांना फोन करून सांगून टाकलं, की शनिवारी सगळं मिटेल. ते म्हणाले, "बघ बाई." पण आवाज आनंदी होता.

शनिवारी सरावाच्या ग्रीनशेजारी खुर्च्या मांडल्या होत्या. साठेक माणसं असतील. बक्षिसं वाटून झाली. सेक्रेटरी म्हणाले, आता आपल्या नेहमीच्या गोष्टीशिवाय समारंभ कसा संपणार, आणि माझ्या हातात माइक दिला. मुलं सरसावून बसली.

मी रंगवलं नाही. सांगितलं, की मी सोळा वर्षं तुम्हाला चुकीची गोष्ट सांगत आले. चौदाव्याला मार्कर झुडपात होता, त्याने विचारलं, आणि बाबांनी स्वतः चार सांगितले. मार्करने सांगितलं तेच लिहिलं. तो लबाड नव्हता. त्याने बाबांचं पोटपाणी वाचवलं आणि स्वतःचं नाव घालवलं. त्याची नात तुमच्याबरोबर खेळते. तुम्ही तिला कार्ड देत नाही, ते माझ्यामुळे. मला माफ करा.

सेक्रेटरींच्या चेहऱ्यावरून कळत होतं, की आता हे मला घरी बसवणार, आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. सगळे बाबांकडे बघत होते.

बाबा उठले. सावकाश, काठीला धरून. म्हणाले, "मुलगी सांगते ते खरं आहे. चार मीच म्हणालो होतो."

क्षणभर मला हलकं वाटलं, जन्मात कधी वाटलं नव्हतं इतकं. मग सेक्रेटरींनी खिशातून रुमाल काढला. माइक माझ्या हातातून हळूच घेतला. "ऐकलंत मुलांनो?" ते डोळे टिपत म्हणाले. "ज्याने आपली स्पर्धा हिरावली, त्याचा डाग शेवटी हा माणूस स्वतःच्या अंगावर घेतोय. या वयात. मित्राच्या नातीला त्रास होऊ नये म्हणून. याला म्हणतात खेळाडू."

"नाही हो," बाबा म्हणाले.

मागच्या रांगेतून टाळ्या सुरू झाल्या. एक आई शेजारणीला म्हणाली, "बघ, मुलीलासुद्धा तेच सांगून ठेवलंय. किती ते मन." मुलं उभी राहिली. बाबा पुन्हा एकदा "नाही हो, खरंच," म्हणाले आणि टाळ्या आणखी वाढल्या. मी ओरडले, की ते खरं बोलतायत, ऐका ना. पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी माझा हात धरून मला बसवलं आणि पाणी दिलं. बापावर किती जीव आहे पोरीचा, असं त्या म्हणाल्या.

बाबा तिसऱ्यांदा नाही म्हणाले नाहीत. ते खुर्चीवर टेकले आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर लाज नव्हती, आनंदही नव्हता. चेंडू होलपासून दोन हात लांब असतानाच तो आत जाणार हे ज्याला ठाऊक असतं, तो खेळाडू वाकून बघत बसत नाही, पुढच्या होलकडे चालायला लागतो. असा चेहरा मी त्यांचा कितीतरी वेळा पाहिला होता. "सांग" म्हणाले तेव्हाच त्यांना माहीत होतं. मी काय सांगेन, ते काय म्हणतील आणि लोक काय करतील, सगळं त्यांनी टेबलाशी बसल्या बसल्या मोजलं होतं. आपण खरं बोललो, हेही आता त्यांच्या खात्यात जमा झालं, आणि त्यासाठी पदरचं काहीच गेलं नाही.

मी तिथून निघाले. सेक्रेटरींना सांगितलं, पुस्तकावर माझं नाव नको आणि सोमवारपासून शिकवणीलाही दुसरं कुणीतरी बघा. त्यांनी माझ्या पाठीवर थोपटलं. म्हणाले, "मन भरून आलंय तुझं, आज काही ठरवू नकोस."

गाडीत बसून वाळूकाकांना फोन लावला. मागे जाळीत चेंडू आपटल्याचे आवाज येत होते.

"काय झालं?" त्यांनी लगेच विचारलं. वाटच बघत असणार.

"मी सगळं सांगितलं, काका. बाबांनी सगळ्यांसमोर कबूल केलं. चार मीच म्हणालो होतो, असं म्हणाले."

"म्हणाला तसं?" त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "मग? लोक काय म्हणाले?"

"टाळ्या वाजवल्या."

त्यांना समजायला थोडा वेळ लागला. मी सेक्रेटरींचं वाक्य सांगितलं, तेव्हा समजलं.

"उद्या पोरीची मॅच आहे," ते म्हणाले. "मी तिला सांगून बसलो, की या वेळी तुला कार्ड देतील."